पळीभर तेल

आमचं घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, त्यांच्यावर लाकडं आणि लाकडांवर माती चोपून केलेलं सपाट धाबं. चैत्र लागला की आमच्या चाळीसगाव तालुक्यातलं ऊन असं तापायचं, की रात्री घरात पाऊल ठेववत नसे. मग गोधड्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आम्ही सगळे धाब्यावर. दक्षिणेला पाटणादेवीचा डोंगर काळा उभा असायचा आणि त्याच्यावर आभाळ. गावात वीज आली होती, पण ती पाहुण्यासारखी, आल्या आल्या जायची घाई असलेली. त्यामुळे अंधार भरपूर होता. अंधार ही कधी संपणारी गोष्ट आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आभाळाची पहिली ओळख मला आबांनी करून दिली. आबा आमचे सालदार. दर आखाजीला त्यांचं साल ठरायचं आणि दर आखाजीला ते पुन्हा आमच्याकडेच राहायचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण दादरच्या वावरात रानडुकरांची जागल करता करता त्यांचं आभाळ पाठ झालं होतं. सप्तर्षीला ते खाटलं म्हणायचे. चार चांदण्या म्हणजे म्हातारीच्या खाटल्याचे चार पाय, मागच्या तीन म्हणजे खाटलं चोरायला आलेले चोर. मृगातल्या तीन चांदण्या मार्गशीर्षात डोक्यावर आल्या की रात्र अर्धी झाली, पाणी भरायला उठा. कृत्तिकांना ते नुसतं झुबका म्हणायचे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं आणि त्यांना कधी उशीर झाल्याचं मला आठवत नाही.

मी सातवीत होतो. १९८६ चा जानेवारी. गुरुजींनी वर्गात सांगितलं की हॅलेचा धूमकेतू आलाय, तो शहात्तर वर्षांनी येतो, मागे १९१० साली आला होता आणि आता चुकला तर २०६१ साली. तालुक्याच्या एका शाळेत दुर्बीण लावणार होते. जायचं-यायचं एसटीचं भाडं धरून दोन रुपये आणायला सांगितले.

मी आप्पांना विचारलं. आप्पा ओसरीवर कापसाच्या पावत्या मांडून बसले होते. कापूस विकला होता, पैसे यायचे होते, आणि वैशाखात मोठ्या बहिणीचं लग्न काढलं होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “ते देखीसन काय पोट भरी का?”

आप्पा कठोर माणूस नव्हते. त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. धूमकेतू बघून पोट भरत नाही, हे मलाही कळत होतं. मी गोठ्यात जाऊन बसलो. आबा बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी काही विचारलं नाही. कमरेची चंची काढली, तंबाखू आणि चुन्याच्या डबीमागून घडी घातलेली दोन रुपयांची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “जाय. आनि उना का माले सांगजो, कसं दिखस ते.”

त्या नोटेच्या मागच्या बाजूला आर्यभट उपग्रहाचं चित्र असायचं. ते कशाचं चित्र आहे हे ना आबांना ठाऊक होतं, ना मला.

तालुक्याला त्या संध्याकाळी शाळेच्या मैदानात रांग लागली होती. माझा नंबर आला तेव्हा मागून ढकलाढकली चालली होती. मी डोळा लावला. काळं वर्तुळ, त्यात काही तरी पांढुरकं. पिंजलेल्या कापसाचा बोळा, तोही विझत आल्यासारखा. शेपटी नव्हती. नीट बघतोय तोवर “चला, पुढे चला” झालं. अर्धा मिनिटसुद्धा मिळाला नसेल.

रात्री घरी पोचलो तेव्हा आबा वावरात जायच्या तयारीत, घोंगडी खांद्यावर टाकून दारातच थांबले होते. “काय दिखनं रे भो?”

मी दोन्ही हात पसरले. “इतली मोठी शेपटी, आबा! झगझगीत! मोरपिसासारखी!”

आबा हसले, मान हलवली आणि जागलीला गेले. त्यांचे दोन रुपये वाया गेले असं त्यांना वाटू नये, म्हणून मी ते बोललो होतो. निदान त्या रात्री मी स्वतःला तसं सांगून झोपलो.

---

पुढे मी शिकलो, धुळ्याला नोकरी लागली, देवपुरात घर केलं. गच्चीवरून चांदण्या मोजायच्या तर दोन हातांची बोटं पुरत. पण आभाळाची ओढ गेली नाही. २०१४ च्या दिवाळीला बोनसचे पैसे हातात आले तेव्हा मी एका दुकानातून दुर्बीण घेतली. साडेचार हजार रुपये. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत ‘६७५ पट’ असं छापलं होतं. दुकानात दुसरी एक होती, तिच्यावर असा आकडाच नव्हता आणि किंमत जास्त होती. मी शहाणा. ६७५ पट दाखवणारी सोडून बिनआकड्याची कोण घेईल?

दिवाळीची सुट्टी गावी काढायची म्हणून ती घेऊन गेलो. भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले होते, अर्धा चंद्र होता. आबांना बोलावून आणलं. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले, तरी शिडीवरून धाब्यावर चढले. मी दुर्बिणीत सगळ्यात जोरकस काच घातली, वर ती तिप्पट करणारी नळी जोडली, चंद्र धरला आणि म्हटलं, “आबा, बघा.”

आबांनी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “दिखनं. भलतंच बेस दिखनं.” माझ्या खांद्यावर हात ठेवून ते खाली उतरले.

ते गेल्यावर मी डोळा लावला. काळं. नुसतं काळं. तिकाटणं इतकं लेचंपेचं होतं की हात लागताच नळी घसरली होती आणि आमची दुर्बीण अंगणातल्या निंबाच्या फांदीकडे बघत होती. आबांनी पाच मिनिटं अंधारातला निंब बघितला होता आणि भलतंच बेस म्हणून गेले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी केलं होतं तेच त्यांनी केलं होतं.

---

मी चिडलो होतो, आणि माणूस चिडला की शिकतो. धुळ्याला परतल्यावर मी दुर्बिणीबद्दल मिळेल ते वाचलं. जे कळलं ते इथे सांगतो, कारण आजही कुणी ना कुणी तसलं खोकं हातात धरून उभा असेल.

दुर्बिणीचं पहिलं काम मोठं करून दाखवणं हे नाही. तिचं पहिलं काम उजेड गोळा करणं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, वय वाढलं की तेवढीही नाही. पावसात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी, परात ठेवली तर परातभर. तसंच हे. साठ मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या सत्तरपट उजेड धरतं. दुर्बीण विकत घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की भिंग किंवा आरसा किती रुंद आहे. किती पट दाखवते, हा प्रश्न त्याच्या मागचा.

पट कशी येते तेही सोपं आहे. भिंगाचं नाभीय अंतर भागिले डोळ्यापाशी लावायच्या काचेचं नाभीय अंतर. माझ्या दुर्बिणीचं भिंग नऊशे मिलिमीटरचं. वीसची काच लावली की पंचेचाळीस पट. चारची लावली की दोनशे पंचवीस, आणि त्यावर तिप्पट करणारी नळी जोडली की सहाशे पंच्याहत्तर. म्हणजे खोक्यावरचं गणित बरोबर होतं. पण गोळा केलेला उजेड तेवढाच, तो जितका पसरवाल तितका पातळ होणार. पावशेर दुधात घागरभर पाणी घातलं तर घागरभर दूध झालं असं गणिताला म्हणता येतं, प्यायला ते दूध राहत नाही. भिंगाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, ही त्यातली रीत आहे. साठच्या भिंगाला एकशेवीसच्या वर जाण्यात अर्थ नाही. आणि पट वाढली की आभाळ जेवढं मोठं होतं तेवढाच हाताचा थरथराटही. म्हणून भिंगाच्या खालोखाल किंमत तिकाटण्याला. नळी कितीही चांगली असो, बोट लागल्यावर जी तीन सेकंदांत स्थिर होत नाही ती दुर्बीण घरी आणू नये.

एक गोष्ट मात्र अशी निघाली, की मी हादरलो. खोक्यात एक छोटी काळी काच होती, डोळ्यापाशी बसवून सूर्य बघायची. मी ती जपून ठेवली होती, ग्रहणात मुलांना दाखवायला. अशी काच उन्हाने तापून तडकते, आणि भिंगाने गोळा केलेला सगळा सूर्य त्या क्षणी डोळ्यात उतरतो. सूर्यासाठीची खास गाळणी पुढच्या तोंडावर लावायची असते, डोळ्यापाशी कधीच नाही. मी ती काच वरवंट्याने फोडून टाकली. खोक्यावरच्या सहाशे पंच्याहत्तरने माझे साडेचार हजार गेले होते. या काचेने एखाद्या पोराचा डोळा गेला असता.

पण रागाच्या भरात दुर्बीणही फोडली नाही, हे बरं झालं. नंतर तिला एका लाकडी ओंडक्यावर घट्ट बांधून, वीसची काच लावून बघितली, तेव्हा चंद्रावरचे खड्डे असे दिसले की खळ्यातल्या मातीवर पहिल्या पावसाचे थेंब पडावेत. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र पाहिले, ते वीस-तीस पटीच्या दुर्बिणीतून, आणि त्याची काच माझ्या काचेहून कितीतरी ओबडधोबड होती. म्हणजे दुर्बीण बिचारी प्रामाणिक होती. खोटं खोक्यावर छापलेलं होतं.

आणि खोक्याला मी किती दिवस शिव्या घालणार? मीही एकदा अंगणात उभं राहून बोळ्याचं मोरपीस केलं होतंच.

---

नंतर एका जाणकार मित्राच्या सांगण्यावरून मी दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घेतली, ‘दहा बाय पन्नास’. दहा पट आणि पन्नास मिलिमीटरचं भिंग. नवख्या माणसाने आभाळाची सुरुवात हिच्यापासून करावी, असं आता मीही सांगतो. गळ्यात अडकवली की झालं, मांडामांड नाही, आणि आभाळ कंटाळवाणं झालंच तर वावरातली पाखरं बघता येतात. दहाच्या वर मात्र जाऊ नये, हात थरथरतो.

२०१७ च्या थंडीत ती घेऊन गावी गेलो. आबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. शिडी आता त्यांना झेपत नव्हती, म्हणून अंगणातच खाट टाकली, त्यांना उताणं झोपवलं, कोपरांखाली उशा दिल्या आणि दुर्बीण हातात दिली. म्हटलं, “आबा, तुमचा झुबका शोधा.”

शोधायला त्यांना सांगावं लागलं नाही. नुसत्या डोळ्यांना तिथे सहा-सात चांदण्या दिसतात. आबा गप्प झाले. मग मोजायला लागले. मोठ्याने. सात, आठ, अकरा, चौदा. वीसपर्यंत आले, चुकले, पुन्हा एकपासून सुरू केलं. पोत्यातले दाणे मोजावेत तसं त्यांचं चाललं होतं. मी बाजूला बसून ऐकत होतो. मला कळलं की या वेळी त्यांना खरंच दिसतंय. खोटं बोलणारा माणूस चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजत नाही.

त्या भरात मी बोलून गेलो. “आबा, त्या वर्षी मी खोटं सांगितलं होतं. शेपटी नव्हती. कापसाच्या बोळ्याएवढं काही तरी होतं, पुसट.”

आबांनी दुर्बीण खाली घेतली नाही. “माले माहीत व्हतं.”

“कसं?”

“इतली मोठी शेपटी ऱ्हाती तं माले वावरमाईन नई दिखती का? रातभर जागलवर मीच व्हतू.”

मी गप्प. तीस वर्षं मी ज्याला फसवलं असं समजत होतो, तो माणूस त्याच रात्री आभाळाखाली बसून माझ्या मोरपिसाची पडताळणी करून आला होता.

“मग तुम्ही त्या दिवशी चंद्र दिसला असं का सांगितलं? नळी निंबाकडे होती.”

आता मात्र ते हसले. “तू मन्हासाठे सांगं, मी तुन्हासाठे सांगं. फिटनं.”

---

फिटलं का? हा प्रश्न माझा सुटलेला नाही, आणि त्याचसाठी हे लिहायला बसलो.

माझी बायको म्हणते, त्यात काय एवढं? म्हाताऱ्याने पोराचं मन राखलं, पोराने म्हाताऱ्याचं. खेड्यात माणसं अशीच एकमेकांना सांभाळून घेतात. अळणी भाजीला आपण चांगली झाली म्हणतो, ते खोटं पाप कसं? तिचं म्हणणं मला पटतं, पण पुरतं पटत नाही. भाजी त्यालाही चाखता येते. धूमकेतू आबांना दुर्बिणीतून बघता येणार नव्हता. जिथे ते पोचू शकत नव्हते तिथे त्यांनी मला दोन रुपये देऊन पाठवलं होतं. म्हणजे मी त्यांचा डोळा होतो. आणि डोळ्याने मन राखायचं नसतं, दिसेल ते सांगायचं असतं. शिवाय मी दडवलं ते काय? पिंजलेल्या कापसाचा बोळा. सगळा जन्म कापूस वेचलेल्या माणसाला त्या धूमकेतूचं इतकं नेमकं वर्णन दुसरं कोणतं कळलं असतं? जी खरी गोष्ट त्यांच्या ओळखीची होती ती मी स्वतःजवळ ठेवली आणि त्यांना पुस्तकातलं मोरपीस दिलं.

आमच्या डोंगराच्या पायथ्याशी, पाटणादेवीच्या देवळात एक जुना शिलालेख आहे. लहानपणी देवीला जायचो तेव्हा त्याच्याजवळून नारळ सांभाळत गेलो असेन, लक्ष कधी दिलं नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’सारखे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण दानाचा तपशील जुन्या मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला, आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी-पळी तेल.

हे वाचलं तेव्हा मला आप्पांचा प्रश्न आठवला. ग्रहगती शिकून त्या तेल्याचं पोट भरणार होतं का? त्याने आयुष्यात ‘सिद्धान्तशिरोमणि’चं पान उघडलं नसेल. करही त्याला विचारून लावला नसणार, हे मी विसरत नाही. तरी त्याच्या घाण्यातलं पळीभर तेल मठातल्या दिव्यात जळलं असेल आणि त्या उजेडात कुणी तरी आकडेमोड केली असेल. ती आकडेमोड चुकीची असेल, किंवा राजाला आवडावी म्हणून फिरवलेली असेल, तर राजाआधी त्या तेल्याची फसवणूक झाली. मला आता वाटतं, बिनपोटापाण्याच्या गोष्टीवर खर्च करावा का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं देता येतं, पण त्याला अट आहे. ज्याच्या तेलावर आपण बघतो त्याला खरं सांगायचं. दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर तसं.

याच भास्कराचार्यांनी वेध घेण्याची कितीतरी यंत्रं सांगून झाल्यावर शेवटी धीयंत्र सांगितलंय. हातात नुसती काठी आणि डोक्यात बुद्धी. एवढं स्वस्त यंत्र बाजारात दुसरं नाही. आणि आमच्या धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलात काही वर्षं शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित, ज्यांचा पुढे १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांनी साध्या वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला आणि त्याला दुसरं नाव दिलं, ‘रात्रीची दोन घटका मौज’. एवढ्या मोठ्या पंडिताला मौज हा शब्द वापरायला संकोच वाटला नाही. आप्पा आज असते तर मी त्यांना सांगितलं असतं, पोट नाही भरत आप्पा, पण मौज आहे, आणि ती खरी आहे.

---

आबा २०१८ च्या पावसाळ्यात गेले.

त्यानंतर आम्ही चौघा मित्रांनी मिळून तिसरी दुर्बीण घेतली. एकट्याला ती जड गेली असती. एकशेतीस मिलिमीटरचा आरसा, म्हणजे साठच्या भिंगाच्या साडेचारपटीहून जास्त उजेड. नाभीय अंतर साडेसहाशे. पंचवीसची काच लावली की सव्वीस पट, दहाची लावली की पासष्ट. तिला तिकाटणं नाही. लाकडी पाटावर फिरणारी बैठक, टेबलावर किंवा उलट्या घातलेल्या मजबूत पिंपावर ठेवायची आणि हाताने वळवायची. जात्यासारखी सोपी. ही बैठक जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने लोकांत आणली. तो अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होता. भंगारातल्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचा. पुढे मठ सुटला, तेव्हा दुर्बिणी घेऊन फुटपाथवर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवायचा. दुर्बिणीची थोरवी तिच्या आकारावर नाही, तिच्यातून किती जणांनी पाहिलं त्यावर मोजायची, असं त्याचं मत होतं.

आम्ही तोच हिशेब धरला. दुर्बीण चार घरांत पाळीपाळीने राहते. एक महिना माझ्याकडे, मग पुढच्याकडे. पावसाळ्यात काचांना बुरशी लागते म्हणून कोरड्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवतो. ‘परवडणारी दुर्बीण कोणती?’ असं कुणी विचारलं की मी आता आधी विचारतो, बघणारे किती जण आहात?

२१ डिसेंबर २०२०. गुरू आणि शनी आभाळात इतके जवळ येणार होते की नुसत्या डोळ्यांना एकच वाटावेत. इतके जवळ आणि इतके सहज दिसतील असे ते त्याआधी १२२६ साली आले होते. पाटणचा मठ तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. मी दुर्बीण घेऊन गावी गेलो. धाबं आता राहिलं नाही, स्लॅबची गच्ची आहे. दिवस बुडाला, नैर्ऋत्येला डोंगरावर एक टपोरा ठिपका उमटला. मी पिंपावर दुर्बीण ठेवली, पासष्ट पटीची काच लावली. एकाच वर्तुळात गुरू, त्याच्या बाजूला ओळीत चार चंद्र, आणि थोडं वर कड्यासकट शनी. चित्रातल्यासारखा मोठा नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा, पण कडं असलेला.

गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती, तोंडाला रुमाल बांधून. रांग लागली. एकामागून एक डोळा लावून “दिसलं, दिसलं” म्हणत पुढे सरकत होते. त्यात आबांची नात होती, दहा-अकरा वर्षांची. तिने डोळा लावला. मागचे घाई करायला लागले. मी विचारलं, “दिसलं का गं?”

“नई दिखी ऱ्हायनं,” ती म्हणाली. मागून कुणी तरी म्हणालं, “अगं, हो म्हण ना, बाकीच्यांना बघू दे.”

मी रांग थांबवली. डोळा लावून बघितलं, ग्रह वर्तुळाबाहेर सरकले होते. पृथ्वी फिरते, दर मिनिटाला दुर्बीण थोडी ढकलावी लागते, गप्पांत मी विसरलो होतो. म्हणजे तिच्या आधीच्या दोघा-तिघांनी रिकामं आभाळ बघून दिसलं म्हटलं होतं. मी पुन्हा नेम धरला, तिच्यासाठी एक वीट आणून पायाखाली दिली.

“आता?”

“थांबा,” ती म्हणाली. बराच वेळ गेला. मागचे आता गप्प झाले होते.

“एक मोठं शे. त्याच्या बाजूले बारीक बारीक, एक, दोन, तीन...” ती थांबली. “चौथं शे का नई, ते देखू द्या.”